हक्कावर पाणी कोण सोडतो?

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर परळच्या एका चाळीतला पोरगा माझ्याकडे कागद घेऊन आला. चाळ पाडून तिथं टॉवर व्हायचाय. कागद इंग्रजीत, बारा पानी. सह्या करणारी माणसं मराठी, म्हणून शेवटी मराठी तर्जुमा जोडलेला. पोरगा म्हणाला, "काका, इंग्रजीत इथं 'वेव्ह' लिहिलंय. मराठीत त्याच जागी लिहिलंय, 'स्वखुशीने सर्व हक्कांचा त्याग करीत आहे.' आई विचारते, त्याग म्हंजे काय? आपण काय संन्यास घेतोय?"

त्या माउलीचा हा प्रश्न मला कुठल्याही परिसंवादातल्या प्रश्नापेक्षा मोठा वाटला. कोर्टाच्या आसपास कागदांचा तर्जुमा करण्यात माझी उभी हयात गेली. आपण दलित साहित्यावर बोलतो तेव्हा कवितेतल्या शब्दांवर भांडतो. शिवी असावी की नसावी, बोली की प्रमाण, नकार की विद्रोह. भांडलंच पाहिजे. पण ज्या मराठीखाली आपली आई अंगठा उठवते, त्या मराठीची समीक्षा कोण करतो? कवितेतला शब्द चुकला तर कविता पडते. कागदावरला शब्द चुकला तर खोली जाते. म्हणून आज एका क्रियापदाची समीक्षा करतो.

आधी इंग्रजी शब्द बघू. आज कायद्यात 'वेव्ह' करणं म्हणजे आपला हक्क आहे हे ठाऊक असताना तो आपण होऊन सोडणं. यात दोन अटी आहेत. एक, हक्क आहे हे माहीत पाहिजे. दोन, सोडणारा आपण होऊन सोडत असला पाहिजे. शब्द साळसूद दिसतो. पण त्याचं कूळ बघा.

जुन्या इंग्रजी कायद्यात हे क्रियापद माणसाला लावत. एखाद्या पुरुषाला कायद्याच्या संरक्षणाबाहेर काढलं की तो 'आउटलॉ'. त्याला कोणी मारलं, लुटलं तरी दाद नाही. बाईला मात्र 'आउटलॉ' म्हणत नसत. का? तर पुरुषाची कायद्यापुढे शपथ झालेली असे, म्हणून तो कायद्याच्या आत. बाईची शपथच नसे. जी कधी आत नव्हती तिला बाहेर कशी काढणार? म्हणून तिच्यासाठी निराळं क्रियापद: 'वेव्ह'. म्हणजे टाकून दिली. बेवारस वस्तूला इंग्रजीत 'वेफ' म्हणतात, तोही याच घराण्यातला शब्द. माल बेवारस ठरला की तो जमीनदार सरदाराचा.

म्हणजे दोस्तहो, या क्रियापदाचं जुनं मराठी आपल्याला फार आधीपासून ठाऊक आहे. ते म्हणजे बहिष्कृत करणे. १९२४ साली बाबासाहेबांनी याच परळात, दामोदर हॉलमध्ये सभा घेऊन संस्था उभी केली तिचं नाव बहिष्कृत हितकारिणी सभा. ३ एप्रिल १९२७ ला पाक्षिक काढलं त्याचं नाव 'बहिष्कृत भारत'. आज बिल्डरच्या कागदावर तोच शब्द पांढरा शर्ट घालून बसलाय, आणि आता क्रिया करणारा आपण आहोत असं कागद म्हणतो. पूर्वी त्यांनी आम्हाला टाकलं. आता आम्हीच आमच्या सहीनं आमचा हक्क टाकायचा.

तर्जुमा कसा करावा हे मला एका गोवेकरानं शिकवलं. गिरगावाच्या खाली धोबी तलावाला गोवेकरांचे क्लब आहेत, ते त्याला कूड म्हणतात. गावोगावच्या खलाशांच्या मुंबईत उतरायच्या जागा. तिथला एक म्हातारा गोव्यातल्या घराच्या कागदांसाठी आमच्याकडे यायचा. पोर्तुगीजांच्या वेळी शाळा शिकलेला. गोव्यात पोर्तुगीज १९६१ पर्यंत होते आणि त्यांच्या १८६७ च्या दिवाणी संहितेवर उभा राहिलेला घरादाराचा, वारशाचा कायदा ते गेल्यावरही तिथं चालत राहिला. त्याला एकदा विचारलं, बाबा, 'वेव्ह'ला तुमच्या पोर्तुगीजमध्ये काय म्हणतात?

तो म्हणाला, "कोण सोडता, कितें सोडता, तें पयलीं सांग." आणि बोटं मोजायला लागला. रेनुन्सियार, म्हणजे विधिवत, जाहीरपणे सोडणं. वारसा नको असं नोटरीपुढं सांगणं. देसिस्तीर, म्हणजे हाती घेतलेलं मध्येच टाकणं. दावा मागं घेतात तसं. प्रेसिंदीर, म्हणजे त्याच्यावाचून भागवणं. आणि बोलाचालीत अब्रीर मांव, म्हणजे हात उघडणं. मुठीतली वस्तू सोडायची तर मूठ उघडावी लागते, तसं.

चार क्रियापदं, आणि प्रत्येकात सोडणाऱ्याची परिस्थिती वेगळी. भागवून घेणारा हक्क टाकत नाही, नुसता अडून बसत नाही. दावा मागं घेणारा आज भांडत नाही एवढंच. पोर्तुगालच्या १९६६ च्या दिवाणी संहितेत पोटगीबद्दल एक कलम आहे, त्याचा भावार्थ असा: पोटगी न मागता राहता येईल, थकलेले हप्ते सोडून देता येतील, पण पोटगीचा हक्क मात्र सोडता येणार नाही. न मागणं वेगळं, सोडणं वेगळं. ज्या साम्राज्यानं गोव्यात धर्माच्या नावानं माणसं छळली त्याच्या भाषेचं कौतुक मला करायचं नाही. पण एवढा फरक कायद्याच्या एका वाक्यात बसतो, आणि आपल्या कागदावर तो 'त्याग' या एका शब्दात गाडला जातो, हे मला खुपतं.

आता आपली मराठी. हक्क सोडण्याला मराठीत वाक्प्रचार कोणते? हक्कावर पाणी सोडणे. तुळशीपत्र ठेवणे. तिलांजली देणे. शाळेत यांचा वाक्यात उपयोग करायला सांगतात, आपणही दहापैकी दहा मार्क मिळवले. पण ही भाषा कुणाच्या ओसरीवरून आली? दान देताना यजमान हातावर उदक सोडतो आणि वस्तूवरची आपली मालकी संपवतो. द्यायच्या वस्तूवर तुळशीचं पान ठेवलं की ती देवाब्राह्मणाची झाली. तिळाचं पाणी ओंजळीनं द्यायचं ते मेलेल्या पितरांना. तिन्ही ठिकाणी देणाऱ्याच्या हातात आधी काहीतरी आहे. त्याची ओंजळ भरलेली आहे. आणि दिल्यावर त्याच्या खात्यात पुण्य जमा होतं.

आमच्या ओंजळीत काय होतं? पाणीच नव्हतं. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क आला. तरी २० मार्च १९२७ पर्यंत त्या तळ्यातलं ओंजळभर पाणी कुणी उचलू शकला नव्हता. बाबासाहेबांनी ते उचललं तर डोकी फोडली, आणि त्याच वर्षी नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. पुढं कोर्टकचेरी. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला तो मार्च १९३७ मध्ये. दहा वर्षं एका ओंजळीसाठी.

आणि त्याच माणसांच्या नातवंडांनी आज कागदावर लिहायचं, "मी माझ्या हक्कावर पाणी सोडतो"? अरे, ते पाणी मिळवायला आम्ही रक्त सोडलंय. ज्याला पाणी शिवू दिलं नाही त्याच्या तोंडी हा वाक्प्रचार घालणं ही नुसती भाषेची चूक नाही. या वाक्प्रचारानं आपल्याला फुकट यजमान केलं. पुण्य नाही, दक्षिणा नाही, फक्त वस्तू गेली.

याउलट कोर्टातली जुनी फारसी-अरबी वळणाची मराठी बघा. बेदावा. लादावा. दोन्हींचा अर्थ दावा नाही. म्हणजे या वस्तूवर मी पुढं दावा सांगणार नाही. फारखत, म्हणजे मोकळं करणं. हे शब्द रुक्ष आहेत, पण थापा मारत नाहीत. 'लादावा' लिहून देणारा संत होत नाही, यजमान होत नाही. तो दावा सांगणार नाही, बस्स. मग त्याला विचारता येतं, का रे बाबा, का नाही सांगणार? किती मिळाले? 'त्याग' म्हटलं की हा प्रश्नच विचारता येत नाही. त्यागाचे पैसे कुणी विचारतं का?

एक शब्द मात्र या घराण्यातलाही फसवा निघाला. राजीनामा. राजी असल्याचा नामा, म्हणजे खुशीचा कागद. जमीन सोडताना कुळानं राजीनामा लिहून द्यायचा आणि नव्या धारकानं कबुलायत. घालवून दिलेल्या माणसालाही 'मी राजी आहे' असंच लिहावं लागायचं. हाच शब्द पुढं नोकरीत आला आणि त्याला धाकटा भाऊ झाला, स्वेच्छानिवृत्ती. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर लालबाग-परळच्या गिरण्या एकेक करून थंडावल्या. पुढं ज्या कामगारांनी स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सह्या केल्या त्यांच्या घरी जाऊन विचारा, स्वेच्छा कुठं होती? चुलीजवळ की भोंग्याजवळ? आणि आपल्या माणसांचं तर आणखी वेगळं. विणकाम खात्यात पगार बरा, पण तिथं तुटलेला धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून अस्पृश्याला तिथं घेत नसत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल गिरणी कामगारांच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला. ज्याला त्या खात्याचं दार उघडं नव्हतं त्यानं त्या खात्यातला कुठला हक्क सोडायचा?

आता हेच क्रियापद उलट्या दिशेनं जातं तेव्हा काय होतं बघा. बँक किंवा सरकार कर्जावरचा आपला हक्क सोडतं तेव्हा इंग्रजीत तोच 'वेव्ह'. मराठीत? कर्जमाफी. म्हणजे कर्जदार गुन्हेगार आणि सरकार क्षमाशील. शाळा फी सोडते ती फीमाफी. पूर्वी तर त्याला 'नादारी' म्हणायचे. पोरानं वर्गात उभं राहायचं आणि सगळ्यांदेखत नादार व्हायचं. म्हणजे वरचा सोडतो तेव्हा त्याची मेहेरबानी, आणि आम्ही सोडतो तेव्हा आमचा त्याग. क्रियापद एक. मराठीत त्याची जात बदलते.

यातला सर्वात घातकी शब्द आपण स्वतः वापरतो. 'सवलती'. बौद्धांच्या सवलती, मागासवर्गीयांच्या सवलती. राज्यघटनेत जो हक्क आहे त्याला आपण मोर्च्याच्या फलकावर सवलत लिहिलं. सवलत देणारा कधीही काढून घेतो. हक्क काढून घ्यायचा तर कारण द्यावं लागतं. फलक रंगवणाऱ्या माझ्या तरुण मित्रांनो, हा शब्द पुसा.

इथं कुणी म्हणेल, सोडणं वाईटच असं तुझं म्हणणं आहे का? नाही. आपल्या चळवळीनं तीन मोठ्या गोष्टी सोडल्या. तिन्हीला मराठीत 'सोडलं' म्हणतात आणि तिन्ही वेगवेगळ्या आहेत.

पहिली, महारकी. बावन्न हक्क आम्हाला दिले होते असं परंपरा सांगते. शिळी भाकर, मेलेलं ढोर, मढ्यावरचं कापड, यांना हक्क म्हणायचं आणि त्याच्या बदल्यात बारा महिने तेरा काळ गावाची आणि सरकारची वेठ. बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारता'त वतनावर लिहिलं, १९२८ साली कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं. त्यांचं म्हणणं, ही वेसण आहे, हक्क नाही. शेवटी १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ वतनं गेली आणि ठरावीक रक्कम भरून जमीन पुन्हा नावावर करून घ्यायची सोय झाली. हे सोडणं म्हणजे बेडी तोडणं. याला त्याग म्हणणारा मूर्ख.

दुसरी, १९३२. शाळेपासून आपल्या कानावर काय आहे? बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघाची 'मागणी सोडली'. कुणी 'हट्ट सोडला' म्हणतो. आपली माणसं भाषणात 'गांधींच्या प्राणासाठी त्याग केला' म्हणतात. तिन्ही तर्जुमे चूक. ऑगस्ट १९३२ मध्ये जातीय निवाडा जाहीर झाला, त्या दिवशी मागणी संपली आणि हक्क सुरू झाला. आपल्या मतदाराला दोन मतं, एक आपल्या स्वतंत्र मतदारसंघात आणि एक सर्वसाधारण मतदारसंघात. २० सप्टेंबरला गांधींचं उपोषण सुरू झालं आणि २४ सप्टेंबरला येरवड्याला करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा आल्या, निवाड्यापेक्षा पुष्कळ जास्त. दोन मतांचा हक्क गेला. पुढं बाबासाहेबांनीच लिहून ठेवलं की ते दुसरं मत अमोल होतं, जागांच्या आकड्यानं त्याची भरपाई होत नाही.

तेव्हा मागणी सोडली नाही. हातात आलेला हक्क गेला. आणि कशापुढं गेला? मद्रास हायकोर्टात १९१७ सालचा एक खटला आहे. एका नवऱ्यानं बायकोला आणि मुलाला धमकी दिली, माझ्या भावाच्या नावानं हक्कसोड लिहून द्या, नाहीतर मी जीव देतो. त्यांनी लिहून दिलं. कोर्टानं बहुमतानं ठरवलं की आत्महत्येची धमकी ही जबरदस्तीच. करार कायद्याच्या १५ व्या कलमात ती बसते आणि तो कागद रद्द करता येतो. येरवड्याच्या पंधरा वर्षं आधी. राजकीय करार आणि घरगुती कागद एक नाहीत हे मला कळतं. उपोषण करणाऱ्याच्या मनात काय होतं त्यावरही मी बोलत नाही. मी सही करणाऱ्याच्या बाजूनं बोलतोय. गांधी गेले असते तर गावोगाव आपल्या वस्त्यांचं काय झालं असतं हा हिशेब ज्याच्या डोक्यात आहे, त्याच्या सहीला 'त्याग' म्हणू नका. मोठेपणा द्यायच्या नादात आपण जबरदस्ती झाकतो.

तिसरी, १४ ऑक्टोबर १९५६. नागपूरला आपण धर्म सोडला. बावीस प्रतिज्ञांतल्या एकोणिसाव्या प्रतिज्ञेत 'त्याग' हा शब्द येतो, आणि तिथं तो बरोबर आहे. माहीत असून, आपण होऊन, जाहीरपणे, लाखोंच्या साक्षीनं. गोवेकराच्या बोटांपैकी हे पहिलं बोट. पण सरकारनं त्याचा तर्जुमा काय केला? १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात लिहिलेलं होतं की हिंदू नसलेला माणूस अनुसूचित जातीचा धरायचा नाही. १९५६ साली शीख त्यात आले. बौद्ध बाहेर. म्हणजे आम्ही म्हटलं धर्म सोडला, आणि केंद्रानं लिहून घेतलं हक्क सोडला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० नंतर राज्यापुरती सोय झाली, पण केंद्रात बौद्धाला अनुसूचित जातीचा म्हणून उभं राहता आलं ते १९९० साली. चौतीस वर्षं. एका क्रियापदाच्या चुकीच्या वाचनात एक अख्खी पिढी नोकरीच्या वयातून निघून गेली. कित्येकांनी दाखल्यावर जुनी जात ठेवली आणि घरात बुद्धाचा फोटो. त्यांना ढोंगी म्हणण्याआधी हा तर्जुमा कुणी केला ते विचारा.

आता कोर्टानं काय म्हटलं तेही माहीत असू द्या, कामाला येईल. सुप्रीम कोर्टानं १९५८ साली बशेशर नाथ यांच्या खटल्यात ठरवलं की समतेचा मूलभूत हक्क माणसानं सोडतो म्हटलं तरी सुटत नाही, कारण तो त्याच्या एकट्याच्या सोयीसाठी दिलेला नाही. मग मुंबईचा खटला, ओल्गा टेलिस. १९८१ च्या जुलैत, भर पावसात, फुटपाथवरची माणसं उचलून मुंबईबाहेर धाडायला सुरुवात झाली. हायकोर्टात त्यांच्या वतीनं कबुली दिली गेली की फुटपाथवर झोपडी बांधायचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही आणि १५ ऑक्टोबर १९८१ नंतर पाडायला आडवे येणार नाही. सुप्रीम कोर्टात महापालिका म्हणाली, हे बघा, यांनी लिहून दिलंय, आता तोंड उघडायचा यांना अधिकार नाही. १० जुलै १९८५ ला निकाल आला. राज्यघटनेविरुद्ध अशी कबुली चालत नाही, मूलभूत हक्क सोडता येत नाहीत, आणि जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश मराठी माणूस, यशवंतराव चंद्रचूड.

झोपड्या मात्र वाचल्या नाहीत. पावसाळा सरेपर्यंत थांबा, १९७६ च्या गणतीची ओळखपत्रं आहेत त्यांना दुसरी जागा द्या, आणि मग हटवा, असाच शेवट झाला. म्हणून निकालाची पोथी करून तिची पूजा करू नका. पण त्यातलं एक वाक्य खिशात ठेवा: लिहून दिलं म्हणून सगळंच जात नाही.

हे सगळं वाचून एखादा कार्यकर्ता म्हणेल, काका, तुमचा शब्दांचा कीस ऐकला, पण वस्तीत बुलडोझर येतो तेव्हा क्रियापद काय कामाचं? त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. बुलडोझर शब्दानं थांबत नाही. पण बुलडोझरच्या आधी कागद येतो, नेहमी. कागदावर 'स्वखुशीने' हा शब्द असतो, आणि तो शब्द कुणीतरी मराठी माणूस लिहितो.

मी लिहिलाय तो. आता हे सांगितल्याशिवाय लेख पुरा होत नाही.

गावी आमची थोडी जमीन आहे. वतन गेल्यावर आज्यानं पैसे भरून पुन्हा नावावर करून घेतलेली. वडील वारल्यावर १९९६ साली मी बहिणीचं हक्कसोडपत्र तयार केलं. दुसऱ्याला कशाला पैसे द्यायचे म्हणून मजकूर मीच लिहिला. "मी माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, बंधुप्रेमास्तव माझ्या हिश्श्याचा त्याग करीत आहे." तिनं विचारलं, "दादा, काय लिहिलंयस?" मी म्हटलं, "नेहमीचंच." तिनं सही केली. आम्ही साडी घेतली तिला. त्याच महिन्यात मी दादरला चैत्यभूमीवर हिंदू कोड बिलावर भाषण केलं. बाबासाहेबांनी २७ सप्टेंबर १९५१ ला मंत्रिपदाचा राजीनामा दिला त्याचं एक मोठं कारण ते बिल, हे मी तावातावानं सांगितलं. त्या बिलात मुलीच्या वारसाहक्काचा सवाल होता. टाळ्या पडल्या.

परळच्या पोराचा कागद वाचल्यावर मी बहिणीकडे गेलो. ते जुनं पत्र तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मला तेव्हाच ठाऊक होतं रे. पण नाही म्हटलं असतं तर माहेर तुटलं असतं."

मद्रासच्या कोर्टानं जीव देण्याची धमकी ओळखली. माहेर तुटण्याची धमकी कुठल्या कलमात बसते मला सांगा. आणि ती धमकी मी तोंडानं दिलीही नव्हती. ती आमच्या घरात आधीपासून होती, चुलीसारखी. मी फक्त तिचा तर्जुमा 'राजीखुशीने' असा केला. जुन्या इंग्रजी कायद्यात बाईसाठी जे क्रियापद होतं, ती मुळात आत नव्हतीच असं धरणारं, तेच मी माझ्या बहिणीला लावलं. मराठीत, सुवाच्य अक्षरात. जमिनीच्या उताऱ्यावर तिचं नाव परत लावायचा अर्ज आता मी लिहिलाय. भावकी चिडली आहे.

परळच्या पोराला मी काय सांगितलं ते लिहितो, तुमच्याही उपयोगी पडेल. असा कागद आला की चार गोष्टी विचारायच्या. हा हक्क माझा आहे हे मला कुणी समजावून सांगितलं का? मी सोडतोय म्हणजे तो जातोय कुणाकडे? बदल्यात काय, किती, कधी, आणि नाही दिलं तर? आणि मी नाही म्हटलं तर काय होईल? चौथ्या प्रश्नाचं उत्तर 'काही नाही' असं असेल तरच कागदावर 'स्वखुशीने' ठेवा. नाहीतर खोडा. 'त्याग' खोडा. 'पाणी सोडले' खोडा. त्या जागी साधं लिहा: "अमुक खोलीच्या बदल्यात अमुक इतक्या जागेची खोली अमुक तारखेपर्यंत माझ्या नावावर मिळाल्यावर मी जुन्या खोलीवर दावा सांगणार नाही." 'मिळाल्यावर' हा शब्द विसरू नका. पोराच्या आईनं तो कागद ऐकला आणि म्हणाली, "आता कळलं. यात संन्यास नाही."

बिल्डरच्या माणसानं तो मजकूर अजून मान्य केलेला नाही. चाळीतल्या एकोणीस बिऱ्हाडांनी जुन्या कागदावर सही करायची नाही असं ठरवलंय. बाकीच्यांनी केली.

तुमच्या वस्तीत, तालुक्यात, माहेरी-सासरी असे जे कागद होतात त्यांना तिकडं काय म्हणतात, त्यात सोडण्याला कुठला शब्द घालतात, ते लिहून पाठवा. विशेषतः बहिणींनी पाठवा. आपण त्या शब्दांची यादी करू आणि पुढच्या अंकात छापू.

जय भीम.